वेंगची जागा

५ ऑक्टोबर, रविवार

निशिकांतला पुन्हा बक्षीस. या खेपेला कुठल्याशा जपानी मासिकाचं. फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर सकाळपासून टाळ्या वाजतायत. मीही दोन वाजवल्या आणि फोन पालथा ठेवला. बारा वर्षं मी या शहरात कॅमेरा गळ्यात घालून फिरतोय. आठवडाभर तांजोंग पगारच्या ऑफिसात बँकेची सॉफ्टवेअरं सांभाळायची आणि शनिवार-रविवार उजेडाच्या मागे धावायचं. एवढ्या वर्षांत एकच उत्तेजनार्थ बक्षीस, तेही सर्टिफिकेटवर माझं नाव चुकवून. अनघा म्हणते, "चारू, निदान लोकांना डोळे उघडायला तरी वेळ देत जा." बायकोला विनोद सुचतात तेही नेमके माझ्यावरच.

पण आज एक गोष्ट सापडली. फिलिपिन्सच्या सहली विकणाऱ्या एका कंपनीने स्पर्धा ठेवली आहे. विषय: सिंगापूरमध्ये दिसलेली फिलिपिनो संस्कृती. पहिला आलेला फोटो त्यांच्या जाहिरातीवर जाणार, हार्बरफ्रंटला फेरीबोटीच्या वाटेवर भिंतभर लागणार, खाली छायाचित्रकाराचं नाव. निशिकांतला संस्कृती शोधायला बाहेर जावं लागेल. आमच्या घरात ती सहा वर्षं भांडी घासते आहे.

हे वाक्य लिहून झाल्यावर बरं वाटलं नाही. पण डायरीत खोडायचं नाही, हा माझा नियम आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

वेंगचे वडील हॉस्पिटलात आहेत. वेंग म्हणजे रोवेना, आमची हेल्पर. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातली. आली तेव्हा आमची मुलगी मिनू तीन वर्षांची होती, आता नऊची आहे. जेवणं झाल्यावर वेंग ओल्या हातांनी समोर येऊन उभी राहिली. "सर, मॅम, पापा व्हेरी सिक. आठ दिवस जाऊन येऊ?"

अनघाने कॅलेंडर पाहिलं. मंडळाच्या दिवाळी स्टॉलसाठी चकलीची भाजणी येऊन पडली आहे, तिच्या ऑफिसात ऑडिट आहे. ती म्हणाली, "दिवाळी झाली की लगेच जा. तिकीट आम्ही काढू." मीही मान हलवली. दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न. वेंग "ओके मॅम" म्हणाली आणि कढई पुसायला गेली. तिचं हे ओके आम्हाला फार सोयीचं पडतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर वणवण. रविवारी सुट्टीच्या दिवशी फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून सावलीत बसतात, डबे उघडतात, एकमेकींचे केस कापतात, नाचतात. चाळीस फोटो काढले. एकीने चेहऱ्यासमोर पंखा धरला, दुसरीने सरळ पाठ फिरवली. घरी येऊन पाहिले तर सगळे फोटो दुसऱ्या कोणी तरी आधीच काढल्यासारखे.

मला वेगळं काही तरी हवंय. आई इथे आली होती तेव्हा वेंगने तिचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला होता. त्यांच्यात वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद असा घेतात, मानो म्हणतात त्याला. आई हरखून गेली होती. "पोरीवर संस्कार आहेत हो," असं पुण्याला गेल्यावर महिनाभर सांगत होती. असं काही तरी टिपायला हवं. सांगून करून घेतलं तर नाटकी होईल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

घरभर तळणाचा वास. वेंगच्या चकलीला आता अनघाच्या चकलीपेक्षा चांगले काटे येतात, हे मी मोठ्याने बोललो आणि दोघींच्या मध्ये सापडलो. मंडळाचे बारा डबे भरले. या वर्षी मिनूच्या आनंदाला पारावार नाही, कारण गेल्या वर्षी ऐन वसुबारसेला नाशिकचे मनोहरकाका गेले आणि आम्हाला सुतक आलं. कंदील उतरवला, फराळ वाटून टाकला, पूजा नाही, पणती नाही. मिनू दाराशी बसून हमसून हमसून रडली होती. सुतक म्हणजे काय हे तेव्हा वेंगला मीच समजावलं. घरात कोणी गेलं की दहा दिवस सण नाही, त्या हातचं देवाला चालत नाही. ती म्हणाली होती, "सर, देवाला पण सुट्टी?" आम्ही त्याही दिवसांत हसलो होतो.

आज मिनू झारा घेऊन उभी होती. इथल्या इंग्रजीत म्हणाली, "धिस इयर नोबडी डाय, ओके? प्लीज लाह." अनघाने तिला दटावलं. वेंगने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

मिळाला!

उटणं, अभ्यंगस्नान, फराळ, सगळं यथासांग झालं. दुपारी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. फोन स्टुलावर ठेवून मिनूने आणि मी आईला वाकून नमस्कार केला. आईने तिकडून स्क्रीनवर अक्षता टाकल्या. कॅमेरा गळ्यातच होता. पाणी प्यायला आत गेलो आणि थबकलो.

वेंगची खोली म्हणजे इथल्या नव्या घरांत बांधतात तो बॉम्ब शेल्टर. तिच्या लोखंडी दाराआड वायफाय पोचत नाही, म्हणून ती बोलायला वॉशिंग मशीनजवळ बसते. आज जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. दोन्ही हातांत फोन, आणि तो तिने कपाळाला लावला होता. डोळे मिटलेले. वरच्या खिडकीतून पांढरा उजेड खांद्यावर, फोनचा उजेड चेहऱ्यावर. मानो! आमचं पाहून तिलाही घरची आठवण झाली असणार आणि तिनेही वडिलांना नमस्कार केला असणार. तेही पोरीचा नमस्कार घेण्याइतके बरे झाले म्हणायचे. आमच्याकडे स्टुलावर फोन, तिच्याकडे कपाळावर, एवढाच काय तो फरक. पाच वेळा शटर दाबलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला आणि निघून आलो.

स्क्रीनचा दिसणारा कोपरा पार पांढरा जळलाय, एक्स्पोजर चुकलंय. पण त्यानेच मजा आलीये. जणू त्या फोनमधून नुसता उजेडच येतोय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

ऑफिसातून लवकर आलो. पूजेआधी फोटो मोठा करून बघत बसलो होतो. वेंग चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं म्हणजे काय! सुंदर आहे."

तिने मान खाली घातली. म्हणाली, "मॅमना आत्ता नका सांगू, सर. दिवाळी होऊ दे." कामाच्या वेळात फोनवर होती म्हणून अनघा रागावेल, असं तिला वाटलं असणार. मी म्हटलं, "नाही सांगत. काळजी करू नकोस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "थँक यू, सर. यू आर गुड मॅन." एवढ्याशा गोष्टीला! मला अगदी संकोचल्यासारखं झालं. फोटो वापरायचा आहे, असंही मग लगेच विचारून टाकलं. तिने थोडा विचार केला. म्हणाली, "सर, पापा कोणाला दिसणार नाहीत ना?" स्क्रीन पांढराच आहे, काही दिसत नाही, म्हटलं. मग ओके म्हणाली.

पूजा छान झाली. नैवेद्याचं ताट मात्र तिने या वर्षी अनघालाच वाढायला लावलं, स्वतः देवाच्या खोलीत आली नाही. पाठ दुखतेय म्हणाली. दोन दिवस फराळ तळत बसल्यावर दुखणारच.

फोटो पाठवला. शीर्षक दिलं 'आशीर्वाद'.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

वेंगने सुट्टीचा विषय काढला. "सर, दिवाळी झाली. यू नो. दे आर वेटिंग फॉर मी."

"हो, हो, मला माहीत आहे," मी म्हटलं. घरची माणसं वाट बघणारच. पण स्पर्धेच्या नियमांत आहे, निवड झाली तर फोटोतल्या व्यक्तीला समारंभाला आणलं तर उत्तम. समारंभ एक तारखेला. मी तिला समजावलं, "निवड झाली नाही तर सोमवारीच जा. झाली तर फक्त एक तारखेपर्यंत थांब. माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे ते."

ती ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "किती दिवस ठेवता येईल विचारते, सर," म्हणाली. तिचं इंग्रजी कधी कधी कळत नाही. कसली तरी जागा राखून ठेवायची असेल, बसची वगैरे.

थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "ओके, सर. दे सेड ओके."

२५ ऑक्टोबर, शनिवार

निकाल नाही. सारखा मेल उघडतोय.

मिनूने नाश्त्याला विचारलं, "बाबा, इंजेक्शन दिलं तर डेड माणूस किती दिवस चांगला राहतो?" हल्ली शाळेत काय शिकवतील नेम नाही. इजिप्तच्या ममी चालू असतील. अनघा म्हणाली, खाताना हे विषय नकोत.

दुपारी वेंग पांढरा ब्लाउज आणि काळा स्कर्ट घालून आली. "सर, माझा एक फोटो काढाल? पूर्ण, उभा. मागे कोरी भिंत." सहा वर्षांत तिने पहिल्यांदा फोटो मागितला. हात समोर गुंफून उभी राहिली, चेहरा असा की पासपोर्टवालेही घाबरतील. मी म्हटलं, अगं, हस. "नको सर, असाच." तिची समजूत घालताना माझी दमछाक झाली. स्पर्धेत 'हसरे चेहरे' असाही गट आहे, म्हटलं हातासरशी तेही साधावं. शेवटी मी तिच्यासारखं "ओके मॅम, ओके मॅम" करून दाखवलं तेव्हा फस्सकन हसली. तोच टिपला. बारा काढले, अकरा गंभीर होते, ते तिथल्या तिथे उडवले. "आज काढलात हे महत्त्वाचं, सर," म्हणाली. फोटो तिला पाठवायचा राहिला, तिनेही नंतर मागितला नाही. या बाईला गप्प राहायची फार सवय आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

निवड झाली! शेवटच्या पाचांत. निशिकांत नाही. (हे लिहिताना आनंद झाला. खोडत नाही.)

वेंगची संमतीपत्रावर सही घेतली. तिने वाचलं नाही. हार्बरफ्रंटला एक तारखेला दुपारी दोन वाजता. तारीख-वेळ ऐकून तिने मोबाइलमध्ये काही तरी लिहिलं आणि म्हणाली, "सेम टाइम."

१ नोव्हेंबर, शनिवार

पहिला नंबर.

आज मी खरं तर नाचायला हवं. नाव बरोबर उच्चारलं, चारुदत्त, त-ला-त-सकट. परीक्षकांतल्या फिलिपिनो बाई म्हणाल्या, परदेशात राहणारा प्रत्येक जण या फोटोत स्वतःला बघेल. जाहिरातीची ओळही दाखवली: 'जिथे आशीर्वाद अजून वाट पाहतात, त्या बेटांवर या.' टाळ्या. अनघाने सगळ्यांसमोर माझा हात दाबला.

वेंगचं मात्र आज काही तरी बिनसलं होतं. तोच पांढरा ब्लाउज. पूर्ण वेळ मांडीवर फोन, कानात एक इअरफोन, मान खाली. स्टेजवर बोलावलं तरी नजर फोनवरच. शेवटी मी हलकेच तो काढून घेतला आणि अनघाच्या पर्समध्ये टाकला. म्हटलं, "पाच मिनिटं फक्त, वेंग. हस." ती हसली. फोटो चांगले आले आहेत.

परत येताना टॅक्सीत मिनू तिला बिलगून बसली होती. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. माझ्या यशाचा आनंद या घरात फक्त मलाच झालाय की काय?

२ नोव्हेंबर, रविवार

लिहायला बसलोय खरा.

सकाळी कंपनीचा मेल आला. भिंतीच्या आकाराला छापायचंय, पांढऱ्या स्क्रीनमध्ये थोडा तपशील आणता येईल का? वेंग चर्चला गेली होती. मी मूळची रॉ फाइल उघडली. डोळ्यांना पांढरं दिसतं त्यातही रॉ फाइलमध्ये पुष्कळ काही शिल्लक असतं, हे मी क्लबात चार जणांना शिकवलंय. उजेड खाली ओढत गेलो. आधी एक रेघ आली. मग कड. मग दोन दिवे, फुलं, पांढरी पेटी. पेटीला काचेचं झाकण. काचेखाली एक म्हातारा, टाय बांधलेला, डोळे मिटलेला. काचेवर कोणाची तरी बोटं, फोन धरणाऱ्याची असतील.

अनघाला हाक मारली. ती वाकून बघत राहिली. मिनू दारातून म्हणाली, "तिचे पापा. मला माहीत होतं. तिने प्रॉमिस घेतलं होतं. दिवाळी जाते ना, कोणी मेलं की."

वेंग आली. आम्ही तिघं हॉलमध्ये, संगणकावर ते चित्र. तिने ते पाहिलं आणि मग माझ्याकडे. "सर, काय झालं?"

"तू सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला. चढायला नको होता.

"सर, तुम्हाला माहीत होतं ना?" ती खरंच गोंधळली. "तुम्ही फोटो काढलात. मोठा करून पाहिलात. म्हणालात, पाहिलं. मॅमना सांगणार नाही म्हणालात. मला वाटलं, तुम्ही पण मिनूसाठी गप्प आहात."

"आणि तेवीस तारखेला? थांब म्हटलं तेव्हा?"

"मला वाटलं, माहीत असून सर थांब म्हणतात, म्हणजे सरांचं काम फार मोठं असणार."

वीस तारखेला सकाळी सहाला गेले होते ते. ती आमचा कंदील लावत होती. गावात तिच्यासाठी तेरा दिवस ठेवलं, दोनदा इंजेक्शन देऊन. पुढे डॉक्टर नाही म्हणाले. काल दुपारी दोनला पुरलं. ती फोनवर बघत होती. मी फोन काढून घेतला तेव्हा पेटी खाली सोडत होते.

अनघा तिला धरून रडली. वेंग तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, "ओके, मॅम. ओके." मला लाज वाटली. एवढंच लिहिता येतंय.

३ नोव्हेंबर, सोमवार

तिला विमानतळावर सोडलं. परतीचं तिकीट काढायचं का विचारलं तर म्हणाली, बघते. जाताना, वेंगने आईचा हात घेतला होता तसा, मिनूने वेंगचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. माझ्याकडे पाहून वेंग म्हणाली, "सर, कॉंग्रॅच्युलेशन्स." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

कंपनीला मेल केला, फोटो मागे घेतो. बक्षीसही नको.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीचं उत्तर सभ्य आहे. हक्क त्यांचे, संमतीपत्र सही केलेलं, छपाई झालेली. ऑफिसनंतर हार्बरफ्रंटला गेलो. लागलाय. भिंतभर. स्क्रीन पांढराच ठेवलाय, खाली माझं नाव, स्पेलिंग बरोबर. दोन फिलिपिनो मुली त्याच्यापुढे उभ्या राहून फोन कपाळाला लावून सेल्फी काढत होत्या. त्यांना सांगावंसं वाटलं. काय सांगणार होतो? मागच्या मागे फिरलो आणि मेट्रो पकडली.

निशिकांतचा मेसेज: 'मानलं तुला. असा क्षण नशिबानेच मिळतो.' उत्तर दिलेलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिच्या वडिलांचा चाळिसावा दिवस. त्यांच्यात तो पाळतात. वेंगचा व्हॉट्सअ‍ॅप आला. ती परत येत नाहीये, मामा, म्हणजे तिची आई, एकटी आहे. तिचे कपडे कोणाला तरी द्या, चकलीचा सोऱ्या वरच्या कपाटात डावीकडे आहे. आणि एक फोटो.

त्यांच्याकडे पेटीभोवती उभं राहून घरातल्या सगळ्यांनी फोटो काढायची रीत आहे. मामा, भावंडं, सुना, नातवंडं, सतरा जण. सगळे गंभीर. पेटीच्या उजव्या हाताला, मामाच्या शेजारी, एका माणसापुरती जागा मोकळी सोडली आहे. खाली वेंगने लिहिलंय: सर, मला तिथे घालाल? तुम्ही काढलेला उभा फोटो. मामाला फ्रेम करायचाय.

मी फोन लावला. म्हटलं, वेंग, आत्ताच तिकडे कोणाला तरी नवा काढायला सांग, पांढरा ब्लाउज घालून, मी नीट बसवतो.

"नवा नको, सर," ती म्हणाली. "तो काढलात तेव्हा पापा अजून घरात होते. तोच लागतो. तो असला की मी तिथे होते."

"त्यात तू हसते आहेस," मी म्हटलं. "बाकीचे मी ठेवले नाहीत."

मागे कोंबडा ओरडत होता. बाया काही तरी प्रार्थना म्हणत होत्या. मग ती म्हणाली, "ओके, सर."

दुपारपासून बसलोय. तिच्या फोटोतल्या कोऱ्या भिंतीवरून तिला कापून काढली, उंची जुळवली, पेटीजवळच्या दिव्याचा पिवळेपणा ब्लाउजवर आणला. सावलीही टाकली. मग ओठ मिटवायचा प्रयत्न केला. तीन तास केला. ओठ मिटतात, पण डोळे हसतच राहतात, आणि डोळ्यांना हात लावला की ती वेंग राहत नाही. शेवटी सगळं पूर्ववत केलं आणि पाठवून दिला.

थँक यू सर, व्हेरी नाइस, असं आलंय.

फोटो अजून समोर उघडा आहे. पांढऱ्या पेटीभोवती अठरा माणसं उभी आहेत, आणि त्यांच्यात एकटी वेंग हसते आहे.